कारखान्यातलं व्यसन आणि मनावरचा ताण: नव्या एचआर आणि सुपरवायझरसाठी

आमची पहिली पाळी सातची. पावणेसातला गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभं राहा आणि ग्लास कोण कसा धरतो तेवढं बघा. आमच्या फेटलिंगमधले, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या खात्यातले, एक मामा ग्लास गाड्यावरच ठेवायचे, वाकून पहिला घोट ओढायचे आणि मग दोन्ही हातांनी तो उचलायचे. सहा महिने मी हे रोज बघितलं. मला वाटायचं, चहा गरम असेल.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतायच्या कारखान्यात, मी एचआर म्हणून लागलो तेव्हा हजेरी, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) सगळं पाठ होतं. दारू पिऊन आलेल्या माणसाचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मालक म्हणायचे, ‘हाकल त्याला.’ सुपरवायझर म्हणायचे, ‘आज ओतकाम आहे साहेब, उद्या बघू.’ या दोन वाक्यांच्या मध्ये मी दोन-तीन वर्षं चुका केल्या. तुमच्याकडून त्या टळाव्यात म्हणून हे लिहितोय. गोकुळ शिरगाव असो, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत असो की उद्यमनगरातलं दहा माणसांचं मशीन शॉप, रीत थोड्याफार फरकाने हीच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ‘हा माणूस आत्ता काम करायच्या स्थितीत आहे का?’ हा सुरक्षिततेचा प्रश्न. तो गेटवर, तिथल्या तिथे, साक्षीदारांसमोर सुटतो. ‘याला व्यसन आहे का, का आहे, त्यावर काय करायचं?’ हा आरोग्याचा प्रश्न. तो दार लावून, सावकाश आणि बहुतेकदा डॉक्टरांच्या मदतीने सुटतो. माझ्या जवळजवळ सगळ्या चुका पहिला प्रश्न खोलीत आणि दुसरा गेटवर सोडवायला गेल्यामुळे झाल्या.

जवळ काय हवं

- मराठीत लिहिलेलं एका पानाचं धोरण. परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही
- गेटवरचं निरीक्षण नोंदवायचा छापील फॉर्म, दोन साक्षीदारांच्या सह्यांसाठी जागा ठेवून
- फ्यूएल सेलच्या सेन्सरचं ब्रेथ अ‍ॅनालायझर (श्वासातली दारू मोजायचं मशीन), त्याचं कॅलिब्रेशन (मोजमाप बरोबर असल्याचं) प्रमाणपत्र आणि माणसागणिक नवी नळी
- प्रथमोपचार पेटीत ग्लुकोमीटर
- प्रत्येक कामगाराच्या घरच्या माणसाचा चालू असलेला फोन नंबर (भरतीच्या वेळचा नंबर हमखास बंद असतो)
- ईएसआयचे तपशील, उपचारासाठीचं संमतिपत्र, परत रुजू होतानाचं फिटनेस सर्टिफिकेट
- कुलूप लागणारं एक कपाट, ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे

१. माणसाकडे जाण्याआधी पाळीचा तक्ता काढा

मागच्या सहा महिन्यांची गैरहजेरी, रिजेक्शन (नापास झालेला माल) आणि छोटे-मोठे अपघात एका कागदावर तारखेवार मांडा. आम्ही मांडले तेव्हा पगारानंतरचे दोन दिवस आणि साप्ताहिक सुट्टीनंतरची पहिली पाळी हे तर दिसलंच, ते सगळ्यांनाच माहीत असतं. पण तिसरा एक ढीग होता आणि तो काही केल्या उलगडेना. दर काही दिवसांनी ठरावीक गावांचीच माणसं पहिल्या पाळीला डुलक्या घेत होती. त्यांना आम्ही सरळ ‘पिणारे’ म्हणून मोकळे झालो होतो.

शेवटी मोल्डिंगच्या (साचे बनवायच्या खात्यातल्या) एका पोराने सांगितलं, ‘साहेब, शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची हाय. उसाला पाणी पाजून आलोय.’ रात्री बारापासून रानात बॅटरी घेऊन फिरायचं, पहाटे धार काढायची, दूध डेअरीला घालायचं आणि सातला कार्ड पंच करायचं. आपल्याकडचा अर्धा कामगार दोन नोकऱ्या करतो, त्यातली एक हजेरीपटावर नसते. त्याच्या तोंडाचा वास कितीही घेतलात तरी उपयोग नाही. आम्ही पाळ्यांची अदलाबदल वीजपुरवठ्याच्या आठवड्याशी जुळवून दिली. त्या पोराच्या डुलक्या बंद झाल्या आणि त्याला काही सोडावंही लागलं नाही.

मनावर ताण आणणाऱ्या कामाच्या गोष्टी याच पद्धतीने शोधायच्या. २०२१ मध्ये आयएसओ ४५००३ नावाचं मार्गदर्शक मानक आलं, ते खास याच विषयाचं आहे. त्याचा मुद्दा साधा आहे: यंत्राचा धोका जसा शोधता, तसाच कामाच्या रचनेतला धोकाही शोधा. फाउंड्रीत तो कुठे सापडतो, हे माझ्या अनुभवातून सांगतो. डबल पाळी लागोपाठ किती दिवस? पाळी बदलताना मध्ये किती तास मिळतात? रिजेक्शन झालं की कास्टिंग (ओतलेला भाग) सगळ्यांसमोर आपटून शिव्या कोण देतो? ठेकेदार पगार सातपर्यंत देतो की वीस तारखेला? ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का? महिला कामगारांना कुणी त्रास देतं का? दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच, नुसता बोर्ड लावून भागत नाही.

पुराचंही ध्यानात ठेवा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, वसाहत बंद पडली. पाणी ओसरल्यावर आम्ही हजेरी मागत होतो आणि चिखली-आंबेवाडीकडची माणसं घरातला गाळ काढत होती. त्यानंतरच्या दोन महिन्यांत पिणं वाढलं. ते का वाढलं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

२. धोरण एका पानाचं, आणि मालकालाही लागू

इंटरनेटवरून वीस पानी इंग्रजी पॉलिसी उतरवू नका. एका पानात एवढं असू द्या: कामावर येताना शरीरात मद्य किंवा नशेचा अंमल नको, भट्टी, क्रेन, फोर्कलिफ्ट आणि ओतकामाला मर्यादा शून्य, तपासणी कधी आणि कशी, संशय आला तर त्या दिवशी काय, स्वतःहून मदत मागितली तर शिक्षा नाही, माहिती कोण बघणार.

शून्य का, असा प्रश्न येईल. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, मग आम्हाला का नाही? उत्तर द्या: रस्त्यावर तुमच्या हातात चौदाशे अंशांच्या लोखंडाच्या रसाचा लेडल (ओतायचं भांडं) नसतो.

औषधांचं कलम हमखास राहून जातं. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं यांनी माणूस पेंगतो. ‘डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर सांगा, तेवढे दिवस काम बदलून देऊ, पगार कापणार नाही’ हे वाक्य घाला. नाहीतर कुणी सांगत नाही.

तंबाखू आणि माव्याला गेटच्या प्रश्नात ओढू नका. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, निपाणी मात्र हाकेच्या अंतरावर. रात्रपाळीत जागं राहायला माणूस मावा मळतो. ते सोडवायचं तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत नंबर कॅन्टीनमध्ये लावा. त्यावरून कुणाला घरी पाठवलंत तर दुसऱ्या दिवशी भट्टीवर तुम्हालाच उभं राहावं लागेल.

आणि हो, दसऱ्याला शस्त्रपूजेनंतर ऑफिसच्या मागच्या खोलीत बाटली उघडत असेल तर धोरण छापायचा खर्च वाचवा.

३. गेटवर: बघा, लिहा, मोजा

याच क्रमाने.

बघा. चाल, बोलणं, डोळे, तोल, वास. ‘दारू प्यायला होता’ असं फॉर्मवर लिहू नका, तो निष्कर्ष झाला. ‘कार्ड पंच करताना दोनदा हुकला, नाव सांगताना जीभ अडखळत होती, तोंडाला वास येत होता, वेळ ६.५०’ असं लिहा. दुसरा साक्षीदार त्याच खात्यातला नको, आणि जमल्यास युनियनचा माणूस असू द्या.

मग, मोजण्याआधी, आजार नाही ना ते बघा. ही पायरी गाळू नका. मधुमेह्याची साखर उतरली की तो अगदी प्यायल्यासारखा वागतो: घाम, बरळणं, चिडचिड, तोल जाणं. ग्लुकोमीटरने बोटाची तपासणी करा, मिनिटभराचं काम. ७० च्या खाली आकडा आला आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांकडे न्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार, फिट येऊन गेलेली, भट्टीजवळ झालेला उष्माघात, यांचाही असाच घोळ होतो.

मग मोजा. तोंडात नुकतं काही गेलं असेल, माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध, तर पंधरा मिनिटं थांबा. आकडा आला की पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा घ्या आणि दोन्ही लिहा. मशीन ऑनलाइन मिळणारं सातआठशेचं सेमीकंडक्टरचं घेऊ नका, ते इतर वाफांनाही भुलतं. मधुमेह्याच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनवर आमचं पहिलं मशीन वाजलं होतं. कॅलिब्रेशन उत्पादकाने दिलेल्या मुदतीत करा. चौकशीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

‘साहेब, रात्री घेतली होती, आता काय?’ हे तुम्ही रोज ऐकणार. बहुतेक वेळा माणूस खरं बोलत असतो. हिशेब त्याच्यासमोर करा. १८० मिलीची एक क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर ते तासाला सात ते दहा ग्रॅम या वेगाने जाळतं. म्हणजे सहा ते साडेआठ तास. रात्री साडेअकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सातला अंगात असू शकते, आणि दोन मारल्या असतील तर दुपारच्या जेवणापर्यंत. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी माणूस तरतरीत वाटतो, आकडा खाली येत नाही. हा हिशेब मी कॅन्टीनच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला होता. कुठल्याही भाषणापेक्षा त्याची चर्चा जास्त झाली. काहींनी तो ‘किती वाजेपर्यंत चालतंय’ हे काढायला वापरला. तेही चालेल.

४. घरी पोचवा, ‘जा’ म्हणू नका

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. एका पोराला मी गेटवरून परत पाठवला. फॉर्म भरला, सह्या घेतल्या, सगळं नियमात. तो त्याच्या बाइकवर बसला आणि हायवेला लागला. अर्ध्या तासात त्याच्या भावाचा फोन आला. गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडलं होतं, तीन महिने अंथरुणात. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, ‘तुमास्नी दिसत हुतं की साहेब, तो पिलाय.’ यावर मला आजही उत्तर नाही.

तेव्हापासूनचा नियम: गाडीची किल्ली सिक्युरिटीकडे, पावती देऊन. घरच्यांना फोन. कुणी न्यायला आलं नाही तर कंपनीच्या गाडीने किंवा रिक्षाने, सोबत एक माणूस, खर्च कंपनीचा. कुणाच्या ताब्यात दिलं ते नाव आणि वेळ लिहायची. घरी बायको-पोरांना मारहाण होईल असं वाटलं तर आधी विश्रांतीच्या खोलीत, कुणाच्यातरी नजरेखाली, उतरेपर्यंत बसवा. झोपवलं तर कुशीवर, पाठीवर नाही. उलटी घशात अडकून माणूस जातो.

आणि त्या अवस्थेत त्याच्याकडून काहीही लिहून घेऊ नका. माफीनामा तर नाहीच.

५. दुसऱ्या दिवशीचं बोलणं

दार लावा. सुपरवायझर बाहेर. पाणी ठेवा. ‘तुम्ही दारू का पिता?’ असं विचारलंत की बोलणं संपलं. काय दिसलं ते सांगा: ‘मामा, या महिन्यात चार खाडे, गेल्या गुरुवारी ग्राइंडर हातातून सुटला, मला काळजी वाटते. काय चाललंय?’ मग गप्प बसा. गप्प बसणं एचआरला फार जड जातं, पण जमवा.

काय निघेल सांगता येत नाही. बचत गटाचं, फायनान्सचं कर्ज, भावकीतला बांध, ऑनलाइन रमीत गेलेला बोनस, पाठदुखी. आमच्या मामांचं निघालं ते असं: मुलगा अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झालेली. खात्यात सगळ्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

कुणी ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’ म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

जे ऐकलं ते कपाटात. मालकांनी विचारलं तर ‘कामाला फिट आहे’ किंवा ‘सध्या नाही’ एवढंच सांगा. मी एकदा कॅन्टीनमध्ये सहज बोलून गेलो, तर पुढची दोन वर्षं त्या खोलीत कुणी आलं नाही.

६. उपचार: कुठे, आणि काय करू नये

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या अतिवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. मालकांना ‘सवय’ आणि ‘आजार’ यातला फरक पटवताना हे कामाला येतं.

कोल्हापुरात पहिला पर्याय सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय. तिथे मानसोपचार विभाग आहे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय आहेच; पात्रतेएवढी वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, आणि तो लाभ चालू असताना माणसाला कामावरून काढता येत नाही. हे कामगाराला सांगा. ‘उपचाराला गेलो तर पगार बुडेल’ ही भीती निम्मं काम अडवते. राहून उपचार घ्यायचे तर १९८६ पासून चालू असलेलं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटाच्या) सभांना पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

दोन सापळे, दोन्ही जीवघेणे.

एक: ‘आजपासून बंद, शपथ घे.’ रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम. हात थरथरणारा माणूस सोडायला तयार झाला तर शाबासकी द्या, पण पहिली चाल डॉक्टरांकडे. त्या आठवड्यात त्याला भट्टी, उंची आणि फिरत्या यंत्रापासून लांब ठेवा. ज्योतिबाच्या किंवा अंबाबाईच्या शपथेबद्दल मला आदर आहे, पण ती फिट थांबवत नाही.

दोन: ‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ असे एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरचे बोर्ड. त्या पुड्यांमध्ये काही वेळा डायसल्फिराम नावाचं दारू सोडवायचं औषध असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बायका काकुळतीला येऊन विचारतात, ‘साहेब, डाळीत घालू का?’ नाही, वहिनी.

७. परत कामावर घेताना

फिटनेस सर्टिफिकेट घ्या. पहिले तीन महिने रात्रपाळी नको, डबल पाळी नको. पगार बँकेत, आणि त्याची स्वतःची इच्छा असेल तर घरच्यांच्या संयुक्त खात्यावर. परत कधी तपासणी होईल ते आधी लिहून, दोघांच्या सहीने ठरवा.

घसरण होणार हे धरून चाला. मामा दोनदा घसरले. पहिल्यांदा सातव्या आठवड्यात, जुन्या दोस्ताच्या मुलीच्या लग्नात. मी चिडलो. डॉक्टर म्हणाले, साखर पुन्हा वाढली म्हणून तुम्ही पेशंटला काढून टाकता का? आता मामा पॅटर्न स्टोअरला (साच्यांचे नमुने ठेवायच्या खोलीत) आहेत. चहा बशीत ओतून पितात, भरलेली बशी, आणि थेंब सांडत नाही. त्यांच्यापुरती ती फुशारकी आहे, दर वेळी मला दाखवतात.

८. शिस्तीची कारवाई

मदत देऊन, वेळ देऊन, लेखी समज देऊनही तोच माणूस परत परत पिऊन यंत्रावर येत असेल तर कारवाई करावी लागते, आणि ती नीट करावी. कामाच्या जागी दारूच्या अमलाखाली असणं आदर्श स्थायी आदेशांत (कामाच्या अटी आणि शिस्तीच्या नमुना नियमांत) गैरवर्तन आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात स्थायी आदेश ३०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना आहेत. तुमचा कारखाना छोटा असेल तर नियुक्तीपत्रात आणि धोरणात ते स्पष्ट लिहिलेलं हवं. आरोपपत्र, खुलाशाला वेळ, चौकशी, त्याचा प्रतिनिधी, साक्षी, मग निर्णय. गेटवरचा फॉर्म पुरावा म्हणून चालतो. बंद खोलीत त्याने सांगितलेलं चालत नाही, ते फाइलला लावू नका. कपाटाची किल्ली तुमच्याकडे का हवी, ते इथे कळतं.

अपघात झाला आणि माणूस प्यायलेला होता, तर ‘भरपाई नाही’ असं परस्पर सांगू नका. भरपाईच्या कायद्यात नियम असा आहे की मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नशेचं कारण पुढे करून भरपाई नाकारता येत नाही. आणि सुपरवायझरने बघूनही त्याला आत सोडलं होतं का, हा प्रश्न येणारच.

ठेकेदाराचा माणूस असेल तर बहुतेक ठिकाणी त्याला फक्त ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतात. तो पुढच्या आठवड्यात शेजारच्या फाउंड्रीत त्याच अवस्थेत लेडल धरून उभा असतो. ठेकेदाराच्या करारातच हे धोरण जोडा, गेटचा फॉर्म त्यांनाही तोच, घरी पोचवायचा खर्चही तसाच. ओडिशा-बिहारच्या पोरांचं घर म्हणजे आठ जणांची खोली. तिथला एक शहाणा माणूस हेरून त्याचा नंबर आजच घेऊन ठेवा.